मोनॅड राहू द्या, आधी तो हिशेब लिहा

नमस्कार सर,

मी सहा वर्षं जावामध्ये बॅकएंडचं काम करते. गेले आठ महिने ऑफिस सुटल्यावर हॅस्केल ही फंक्शनल, म्हणजे फंक्शनं जोडून प्रोग्रॅम लिहायची भाषा शिकतेय. मॅप, फिल्टर, फोल्ड येतात, रिकर्शन जमतं, टाइपक्लास बऱ्यापैकी कळलेत. मोनॅड, म्हणजे एका पायरीला पुढची पायरी जोडायची रीत, आला की गाडी थांबते. मोनॅड समजावून सांगणारे वीसेक लेख वाचून झाले. वाचताना सगळं कळतं, दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. मग पुन्हा पहिल्या धड्यापासून. कोणी म्हणतं आधी कॅटेगरी थिअरी हे गणित कर, कोणी म्हणतं भाषाच बदल. टीममधले लोक विचारतात की हे शिकून नोकरी कुठे मिळणार? मी नेमकं काय करू? आणि खरं सांगा, याला वेगळंच डोकं लागतं का?

ता. क. कुठल्या कामावर किती वेळ गेला हे मी रोज एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहिते. त्यावरून आठवड्याचा हिशेब काढणारा प्रोग्रॅम हॅस्केलमध्ये लिहायचा आहे, पण तो भाषा नीट आल्यावर, बहुधा पुढच्या वर्षी. अशा फाइलमध्ये एखादी ओळ चुकीची निघाली तर प्रोग्रॅमने थांबायचं असतं की पुढे जायचं?

– तिसऱ्यांदा पहिल्या धड्यावर


‘तिसऱ्यांदा पहिल्या धड्यावर’ यांस,

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही ताजा कलमात ढकलली आहे. मोनॅडवर अख्खा परिच्छेद, आणि जो प्रोग्रॅम तुम्हाला खरोखर हवा आहे तो पुढच्या वर्षी! माझं उत्तर एवढंच आहे की तो याच आठवड्यात सुरू करा. पुढचं सगळं लिहितोय ते हे तुम्हाला पटावं म्हणून, आणि वाटेत ठेच कुठे लागेल ते आधी ठाऊक असावं म्हणून.

डोक्याचं आधी सांगतो. वेगळं डोकं लागत नाही. तुमचं आहे ते डोकं सहा वर्षं एकाच पद्धतीत मुरलंय, त्रास त्याचा आहे. एक व्हेरिएबल घ्यायचं, लूप फिरवत त्याची किंमत बदलत न्यायची, शेवटी उत्तर त्यात सापडतं. हे हाताला इतकं बसलेलं असतं की आपण ते करतोय हेही लक्षात येत नाही. ज्यांनी आयुष्यात कोड लिहिलेलाच नाही त्यांना विसरायचं काही नसतं. तुम्हाला आहे. म्हणून सुरुवातीचे काही महिने आपण मठ्ठ आहोत असं वाटतं, आणि ते जवळजवळ प्रत्येक अनुभवी माणसाला वाटतं. मलाही वाटलं होतं.

पण गंमत बघा. आपण मराठीत एखादं काम सांगतो ते कसं? ‘फाइल वाचून, ओळी वेगळ्या करून, रिकाम्या गाळून, उरलेल्यांची बेरीज मांडून दे.’ या वाक्यात लूप नाही, बदलणारं व्हेरिएबल नाही. एका क्रियेतून जे निघालं ते पुढच्या क्रियेच्या हातात पडतं. त्या ‘वाचून, करून, गाळून’मधला ‘ऊन’ म्हणजे फंक्शनं जोडायचा सांधाच आहे. एलिक्सर, ओकॅमल, एफ शार्प या भाषांमधलं पाइपचं चिन्ह हेच काम करतं आणि ते डावीकडून उजवीकडे वाचता येतं. हॅस्केलवाले तीच साखळी टिंबं देऊन उजवीकडून डावीकडे लिहितात, त्यामुळे वाचताना आधी शेवट गाठावा लागतो. त्याचाच वैताग येत असेल तर डेटा.फंक्शन मॉड्यूलमध्ये अँपरसँडचं चिन्ह आहे. ते वापरून डावीकडून लिहा. जुनीजाणती मंडळी नाक मुरडतील, मुरडू द्या.

आता तो मोनॅड. हॅस्केलची पहिली आवृत्ती १९९० मध्ये आली तेव्हा तिच्यात इनपुट-आउटपुटसाठी मोनॅड नव्हता. भाषा घडवणारी माणसं या विषयातली दिग्गज होती, तरीही फाइल वाचायची किंवा कीबोर्डवरून काही घ्यायचं तर त्यांच्याकडे जी सोय होती ती फार अवघडलेली होती. प्रोग्रॅम म्हणजे एक फंक्शन. बाहेरच्या जगाकडे करायच्या विनंत्यांची यादी त्याने बाहेर द्यायची आणि त्या विनंत्यांना आलेल्या उत्तरांची यादी आत घ्यायची. म्हणजे विनंती करण्याआधीच उत्तरांची यादी हातात! हॅस्केल आळशी आहे, लागल्याशिवाय काही मोजत नाही, म्हणून हे चालून जायचं. पण एखादं उत्तर आपण वेळेआधी तपासायला गेलो की प्रोग्रॅम तिथेच अडकायचा. १९८९ मध्ये युजेनियो मोज्जी यांनी प्रोग्रॅमिंग भाषांचा गणिती अर्थ मांडताना कॅटेगरी थिअरीतला मोनॅड वापरला. फिलिप वॅडलर यांनी ती कल्पना प्रत्यक्ष प्रोग्रॅम लिहिण्याकडे वळवली. १९९३ मध्ये सायमन पेटन जोन्स आणि वॅडलर यांनी इनपुट-आउटपुट तिच्यावर बसवून दाखवलं, आणि १९९६ च्या हॅस्केल १.३ मध्ये ते रीतसर भाषेत आलं.

हा इतिहास सांगण्यात माझा स्वार्थ आहे. भाषा घडवणाऱ्यांनी सहा वर्षं त्या अवघडलेल्या पद्धतीने प्रोग्रॅम लिहिले, कंटाळले, आणि मग त्यांना इलाज सापडला. तुम्ही दुखणं व्हायच्या आधीच औषधाचं पत्रक पाठ करायला बसला आहात. वीस लेख दुसऱ्या दिवशी विसरले जातात यात तुमच्या स्मरणशक्तीचा दोष नाही. ते ज्या प्रश्नाचं उत्तर आहेत तो प्रश्नच अजून तुमच्यासमोर उभा राहिलेला नाही.

प्रश्न उभा कसा राहतो ते तुमच्याच प्रोग्रॅमवर दाखवतो. इथे जरा रेंगाळणार आहे.

रिकामी फाइल उघडा आणि त्यात एकही फंक्शन न लिहिता फक्त टाइप, म्हणजे कुठली माहिती कशा रूपात असेल ते, लिहा. तुमच्या नोंदीत काय काय असतं? तारीख, सुरू केल्याची वेळ, संपवल्याची वेळ, कामाचं नाव. जावामध्ये तुम्ही चार फील्डचा क्लास करून पुढे गेला असतात. इथे एक मिनिट थांबा. संपवल्याची वेळ सुरुवातीच्या आधीची असू शकते का? रात्री साडेअकराला बसून पाऊण वाजता उठलात तर फाइलमध्ये २३:३० आणि ००:४५ असंच दिसणार. ही चूक आहे की खरं काम? तुमच्या टाइपमध्ये दोन वेळा असतील तर ही शंका प्रत्येक फंक्शनमध्ये पुन्हा पुन्हा निघेल, आणि कुठेतरी उणे पावणेतेवीस तास छापून येतील. त्याऐवजी नोंदीत सुरुवात आणि लागलेली मिनिटं ठेवा. मिनिटांसाठी उणे आकडा मुळात घेतच नाही असा टाइप वापरा. मध्यरात्रीचा निकाल एकदाच, ओळ वाचताना लागेल. त्यानंतर प्रोग्रॅमच्या पोटात उणे वेळ नावाची गोष्टच शिल्लक राहत नाही. कामाचं नाव नुसता मजकूर ठेवू नका, त्यालाही स्वतःचा टाइप द्या. हॅस्केलमध्ये न्यूटाइप म्हणून सोय आहे. चालताना तिचा भार पडत नाही, आणि नावाच्या जागी चुकून दुसराच मजकूर गेला तर कंपायलर जागच्या जागी पकडतो.

फंक्शनल भाषेतलं डिझाइन म्हणतात ते बरंचसं हेच. तुमच्या आठ महिन्यांत हे आलेलं नाही, कारण धड्यांमधल्या गणितांना मध्यरात्र नसते.

टाइप झाले की तीन फंक्शनं. पहिलं एक ओळ घेतं आणि नोंद तरी देतं, नाहीतर ओळीत काय चुकलंय ते सांगतं. हा झाला ईदर, दोनपैकी एक गोष्ट देणारा टाइप. दुसरं नोंदींची यादी घेऊन कामागणिक मिनिटांची बेरीज देतं. त्यासाठी डेटा.मॅपमध्ये फ्रॉमलिस्टविथ नावाचं फंक्शन तयार आहे, त्याला फक्त बेरजेचं चिन्ह द्यायचं. तिसरं त्या बेरजांचा छापायचा मजकूर बनवतं. तिघांपैकी कोणालाही फाइल म्हणजे काय ते ठाऊक नाही, स्क्रीन ठाऊक नाही. दिलं ते घ्यायचं, ठरलेलं परत द्यायचं. सगळ्यात शेवटी मेन. फाइल वाच, ओळी पहिल्याकडे दे, निघालं ते दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे, आणि छाप. चार-पाच ओळी. डू लिहून खाली एकेक पायरी मांडलेली. त्या चार-पाच ओळी लिहिल्यात की तुम्ही मोनॅड वापरलात. इतकंच.

मग तुम्हाला वाटेल, ‘या आठवड्याचा हिशेब’ हवाय, तर आजची तारीख लागेल. जावात जिथे गरज पडेल तिथे, कितीही आत असलात तरी, घड्याळ विचारता येतं. इथे बेरीज करणाऱ्या फंक्शनमधून घड्याळ विचारायला जाल तर कंपायलर अडवेल, कारण घड्याळ बाहेरच्या जगात आहे आणि ते आयओच्या, म्हणजे इनपुट-आउटपुटच्या, हद्दीत मोडतं. तुम्ही चिडाल. दोन तास घालवाल. शेवटी नाइलाजाने तारीख मेनमध्ये घ्याल आणि फंक्शनला हातात द्याल. दुसऱ्या दिवशी लक्षात येईल की आता मागच्या आठवड्याचा, गेल्या वर्षीच्या कुठल्याही आठवड्याचा हिशेब फुकट मिळतोय, फक्त दुसरी तारीख द्यायची. टेस्ट लिहिताना खोटं घड्याळ उभं करायचा खटाटोपही लागत नाही. जावामध्ये तेवढ्यासाठी किती सोंगं करावी लागतात ते तुम्हाला मी सांगायला नको.

बाहेरचं जग काठावर ठेवायचं आणि आत निव्वळ फंक्शनं, ही शिस्त तुम्ही कुठल्याही भाषेत पाळू शकता. हॅस्केल ती तुमच्याकडून पाळून घेतं, आणि ते पाळून घेताना मधली भिंत म्हणून आयओचा टाइप येतो. भिंतीवर दोनदा डोकं आपटलं की मोनॅडबद्दल कोणी समजावून सांगायची फारशी गरज उरत नाही. आधीच्या पायरीचं उत्तर बघून पुढची पायरी ठरवायची असेल तर त्या दोन पायऱ्या जोडायच्या कशा, याचा प्रत्येक टाइपचा आपापला नियम. मेबी म्हणजे किंमत असेल किंवा नसेल असा टाइप. त्याचा नियम म्हणतो, आधी काही मिळालंच नसेल तर पुढे जाऊ नको. ईदर तेच म्हणतो, वर कारणही सांगतो. आयओ म्हणतो, आधी ते घडू दे, मग हे. चार-दोन टाइप असे हाताळलेत की त्यांच्यातलं साम्य आपोआप दिसतं.

कॅटेगरी थिअरी आवडत असेल तर जरूर करा, सुंदर विषय आहे. वेळेचा हिशेब काढायला तिची गरज नाही.

लेखांबद्दल एक मात्र तपासा. २०१५ मध्ये जीएचसी कंपायलरच्या ७.१० आवृत्तीपासून प्रत्येक मोनॅड हा ॲप्लिकेटिव्हही (एकमेकांवर न अवलंबणाऱ्या पायऱ्या जोडायची रीत) असलाच पाहिजे असा नियम आला. त्याआधीच्या लेखांत स्वतःचा मोनॅड बनवून दाखवलेला असतो तो कोड आज जसाच्या तसा कंपाइल होत नाही. तुमच्या वीसांत असे किती होते बघा. ते टंकून बघितलेत आणि एरर आली म्हणून स्वतःला दोष दिलात असं झालं असण्याची बरीच शक्यता आहे.

एररवरून आठवलं. हॅस्केलच्या कंपायलरच्या एरर वाचायला शिकणं हे मोनॅडपेक्षा निकडीचं आहे, आणि त्यावर कोणी लेख लिहीत नाही. टाइप लिहिले नाहीत तरी कंपायलर ते स्वतः ओळखतो. रॉजर हिंडली आणि रॉबिन मिल्नर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीवर हे उभं आहे. ओळखताना तो तुमचा कोड खरा धरून चालतो. तुम्ही दहाव्या ओळीत चुकलात तर तो त्या चुकीला साजेसा टाइप ठरवतो, पुढे जातो, आणि चाळिसाव्या ओळीत जिथे गणित जुळत नाही तिथे ओरडतो. तुम्ही चाळिसाव्या ओळीकडे तासभर बघत बसता. उपाय सोपा आहे. वरच्या पातळीवरच्या प्रत्येक फंक्शनचा टाइप स्वतः लिहा, फंक्शन लिहिण्याच्या आधी. मग चूक त्या फंक्शनच्या कुंपणाबाहेर जात नाही. दुसरं म्हणजे एररची रांग लागली तर फक्त पहिली वाचा. तिसरं मला फार उशिरा कळलं. जिथे काय लिहायचं ते सुचत नाही तिथे नुसती अधोरेषा टाका आणि कंपाइल करा. त्या जागी कुठल्या टाइपची गोष्ट हवी आणि तुमच्याजवळ काय काय शिल्लक आहे ते कंपायलर सांगतो. २०१४ पासून ही सोय आहे. अर्धं कोडं तो सोडवून देतो.

साधनांवर वेळ घालवू नका. जीएचसीअपने कंपायलर आणि प्रोजेक्ट बांधायचं साधन कबाल बसवा, एडिटरला हॅस्केल लँग्वेज सर्व्हर जोडा. कबाल बरं की स्टॅक, या वादात पडू नका.

आता खड्डे. पहिला हमखास येणार, कारण तुमची फाइल तीच, तिच्यातच वाचायचं आणि पुढे कधीतरी तिच्यातच लिहावंसं वाटणार. साधं रीडफाइल आळशी आहे. ते फाइल उघडून ठेवतं आणि लागेल तसं वाचतं. तोवर तुम्ही त्याच फाइलमध्ये लिहायला गेलात की फाइल लॉक असल्याची तक्रार येते. टेक्स्ट लायब्ररीतलं रीडफाइल वापरा, ते सगळं एकदम वाचून फाइल बंद करतं. तसंही मूळ स्ट्रिंग मोठ्या मजकुरासाठी नकोच. ती अक्षरांची साखळी आहे आणि ६४ बिटच्या मशीनवर साखळीच्या एकेका कडीला २४ बाइट लागतात.

दुसरा खड्डा आपल्या लिपीचा. कामाचं नाव देवनागरीत लिहिलंत आणि तपासायला प्रिंट केलंत तर ‘मराठी’च्या जागी २३५०, २३५२ असे आकडे दिसतील. काही बिघडलेलं नाही. प्रिंट हे आधी शो वापरतं आणि शो इंग्रजीबाहेरची अक्षरं त्यांच्या युनिकोड क्रमांकाने दाखवतं. पुटस्ट्रलाइन वापरा, शब्द नीट दिसेल. आणि ‘मराठी’ची लांबी विचारलीत तर तीन नाही, पाच येईल, कारण काना आणि वेलांटी वेगळ्या मोजल्या जातात. तक्त्याचे रकाने सरळ रेषेत आणायला जाल तेव्हा हे आठवेल.

तिसऱ्यात मी स्वतः पडलोय. एका कामासाठी लॉगमधल्या नोंदी मोजणारा प्रोग्रॅम हॅस्केलमध्ये लिहिला. घरी छोट्या फाइलवर झकास चालला. खऱ्या फाइलवर सोडला तर मशीनची सगळी मेमरी खाऊन बसला, आणि त्या मशीनवरची बाकीची कामंही आडवी झाली. मी फोल्डएल वापरलं होतं. ते बेरीज करत नाही, ‘ही बेरीज करायची आहे’ अशा चिठ्ठ्या एकीवर एक रचत जातं, आणि शेवटी कोणी उत्तर मागितलं की चिठ्ठ्यांचा डोंगर उपसायला घेतं. छोट्या प्रोग्रॅममध्ये कंपायलर बऱ्याचदा हे ओळखून सावरून घेतो, त्यामुळे घरी कळत नाही. इलाज एका टिचकीचा आहे. नावापुढे अपॉस्ट्रॉफी असलेलं फोल्डएल वापरायचं, ते प्रत्येक पायरीला बेरीज करून मोकळं होतं. २०२४ च्या जीएचसी ९.१० पासून ते वेगळं इम्पोर्टही करावं लागत नाही. तुमच्या मॅपसाठीही डेटा.मॅप.स्ट्रिक्ट घ्या. आळशीपणा या भाषेचा अलंकार आहे हे मान्य, पण आकड्यांच्या बेरजेत मला तो अजूनही खपत नाही.

हिशेब छापून आला की लगेच थांबू नका, आणखी एक संध्याकाळ द्या. क्विकचेक नावाची लायब्ररी आहे. जॉन ह्यूज आणि कून क्लासेन यांनी ती २००० मध्ये मांडली, आणि पुढे कितीतरी भाषांनी तिच्या नकला केल्या. टेस्टमध्ये आपण उदाहरणं लिहितो. इथे आपण नियम लिहायचा आणि उदाहरणं ती शोधते, एरवी १००. तुमचा नियम असा असू दे: कुठलीही नोंद ओळ म्हणून लिहिली आणि ती ओळ परत वाचली, तर तीच नोंद मिळाली पाहिजे. कामाच्या नावासाठी कुठलाही मजकूर चालेल असं सांगा आणि चालवा. माझी पैज आहे, पहिल्याच फटक्यात तुमचा प्रोग्रॅम पडेल. रिकामं नाव निघेल, किंवा तुम्ही स्वल्पविरामाने रकाने वेगळे करत असाल तर नावातच स्वल्पविराम निघेल. शिवाय चूक सापडल्यावर ती लायब्ररी तिला तासून तासून लहानात लहान करून दाखवते. मग परत टाइपकडे जावं लागेल, ‘कामाचं नाव’ म्हणजे नेमकं काय हे ठरवायला. खरं सांगायचं तर मला या भाषेची गोडी इथे लागली.

भाषा बदलू का, असं विचारलंत. आठ महिन्यांनी अडलं म्हणून बदलू नका. नव्या भाषेत पुन्हा पहिला धडा, आणि त्याची सवय तुम्हाला आधीच लागली आहे. कामच वेगळं असतं तर वेगळं सांगितलं असतं. हजारो कनेक्शन सतत जिवंत ठेवणारा सर्व्हर करायचा असता तर एलिक्सरकडे पाठवलं असतं, कारण तिच्या पोटातलं अर्लांगचं इंजिन टेलिफोन एक्स्चेंजसाठी एरिक्सनमध्ये १९८६ पासून घडत आलंय. एक भाग पडला तरी बाकीचे चालू राहिले पाहिजेत, हीच तिथली पहिली अट होती. टेक्स्ट फाइलच्या हिशेबाला हॅस्केल पुरेसं आहे.

नोकरीचं खरं ते सांगतो. फक्त हॅस्केलच्या जागा थोड्या असतात आणि त्यांच्यासाठी रांग मोठी असते. काम मात्र खरं होतं. जेन स्ट्रीट ही शेअर व्यवहारातली कंपनी वर्षानुवर्षं ओकॅमलवर चालते. २०१४ मध्ये फेसबुकने व्हॉट्सॲप विकत घेतलं तेव्हा सुमारे ४५ कोटी लोक ते वापरत होते, कर्मचारी ६० हून कमी होते आणि सर्व्हर अर्लांगवर होते. फेसबुकची स्पॅम अडवणारी यंत्रणा २०१५ मध्ये हॅस्केलवर गेली, सेकंदाला दहा लाखांहून जास्त विनंत्या झेलणारी. पण तुमच्या सहकाऱ्यांना ही नावं ऐकवू नका, वाद वाढतील. त्यांना जावाच दाखवा. लॅम्ब्डा आणि स्ट्रीम २०१४ मध्ये आले, रेकॉर्ड आणि सील्ड क्लास २०२१ मध्ये, स्विचमधलं पॅटर्न मॅचिंग २०२३ मध्ये जावा २१ बरोबर पक्कं झालं. फंक्शनल भाषांमध्ये हे १९८० च्या दशकापासून आहे. म्हणजे ती मंडळी जे पुढच्या अपग्रेडनंतर शिकणार आहेत ते तुम्ही संध्याकाळी शिकताय. सील्ड क्लास आणि रेकॉर्ड घेऊन ‘चुकीची स्थिती मांडताच येणार नाही’ असे टाइप जावामध्येही जमतात. रिव्ह्यूमध्ये तुमचा कोड बघून कोणीतरी विचारेलच.

हॅस्केल मात्र ऑफिसमध्ये एकटीने घुसवू नका. एका ठिकाणी मी ते केलं. हौसेने एक छोटी सेवा हॅस्केलमध्ये लिहिली, वर्षभर विनातक्रार चालली. मी दुसऱ्या कामावर गेलो आणि पहिला बदल करायची वेळ आली तेव्हा ती उघडून बघणारं कोणी नव्हतं. दोन आठवड्यांत त्यांनी ती दुसऱ्या भाषेत लिहून काढली. मला तेव्हा राग आला होता. आज वाटतं, मी त्यांच्या जागी असतो तर तेच केलं असतं.

राहिला ताजा कलमातला प्रश्न. चुकीची ओळ आली तर थांबायचं की पुढे जायचं?

प्रश्न बारीक वाटला तरी त्यात बरंच आहे. ओळी वाचणारं फंक्शन ट्रॅव्हर्सने सगळ्या यादीवर फिरवलंत तर ईदर आपल्या नियमाने वागेल, पहिल्या चुकीपाशी थांबेल आणि तेवढीच सांगेल. तुम्ही ती दुरुस्त कराल, पुन्हा चालवाल, पुढची निघेल. पाच चुका, पाच फेऱ्या. ते नको असेल तर प्रत्येक ओळ स्वतंत्र वाचा आणि डेटा.ईदरमधल्या पार्टिशनईदर्सला द्या. चुका एका यादीत, धड नोंदी दुसऱ्या यादीत. दोन्ही हातात आल्यावर हिशेबही छापता येतो आणि खाली चुकलेल्या ओळींचे क्रमांकही.

दोन्ही करून बघा. पहिल्यात ‘आधीचं बिघडलं तर पुढे जायचं नाही’ असं आहे, दुसऱ्यात एक ओळ बिघडल्याने दुसरीचं काही अडत नाही. पुढे कधीतरी एकाच ओळीतल्या सगळ्या चुका एकदम दाखवाव्याशा वाटतील, तारीखही चुकली आणि वेळही. तेव्हा व्हॅलिडेशन नावाचा टाइप शोधा. तो ईदरसारखाच दिसतो, पण ॲप्लिकेटिव्ह असूनही मोनॅड नाही. का नाही, हे तुम्ही मला पुढच्या पत्रात लिहून कळवा.

तुमच्या फाइलसाठी मी सगळ्या चुका एकदम दाखवेन. आणि चुकीच्या ओळींची मिनिटं बेरजेत आलेली नाहीत, हे बेरजेच्या शेजारीच छापेन.